आठातलं पाचवं अंग

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात बुद्धाच्या अष्टांगिक मार्गाचं वाचन चाललं होतं. कल्याण पूर्वेची वस्ती, कधीकाळी पत्र्याचा असलेला आणि आता स्लॅब पडलेला विहार, बाहेर धो धो पाऊस. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची दोन-चार पानं वाचायची, मग त्यावर बोलायचं, मग बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचं सरणत्तयं म्हणायचं आणि कुणाच्या तरी घरून आलेली खीर खाऊन घरी जायचं, हा क्रम मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्या दिवशी वाचनाची पाळी महिला मंडळातल्या एका ताईंची होती. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा, सम्यक कर्मांत असं करत त्या सम्यक आजीविकेवर, म्हणजे योग्य मार्गानं पोट भरण्यावर आल्या. ग्रंथात या अंगाला मोजकीच वाक्यं आहेत. ती वाचून त्या पुढच्या अंगाकडे वळल्या, तेवढ्यात मागे दाराजवळ बसलेल्या एका पोरानं हात वर केला.

"ताई, माझी नोकरी यात बसते का?"

पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या वसुलीचं काम घेतलेल्या एका ऑफिसात तो फोन करतो. हप्ता चुकलेल्या माणसांना दिवसभर फोन. "माणूस उचलत नसेल तर त्याच्या बायकोला करायचा, भावाला करायचा, शेजाऱ्याला करायचा. सर म्हणतात, पोराच्या शाळेचं नाव घे, मग पैसे निघतात." खाली मान घालून तो हे सांगत होता. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याला तोंडपाठ होता. नोकरीला लागताना त्यावर त्याची सही घेतली होती.

विहारात कुणी बोललं नाही. विहारातले विधी करणारे बौद्धाचार्य काका ग्रंथाच्या पानावर बोट ठेवून बसून राहिले. शेवटी पुढच्या रांगेतली एक आजी मागे वळली. "बाळा, आधी पोट भर. घरात तुझी माय आजारी आहे. धम्म कुठं पळून चालला नाही." दोन-चार जणींनी माना डोलावल्या. पोरगा गप्प बसला. वाचन पुढं सरकलं. सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती, सम्यक समाधी. साधू, साधू, साधू.

तो प्रश्न त्या पोरानं विचारला, पण खरं तर तो मी कितीतरी वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. एका खाजगी बँकेच्या शाखेत मी काम करत होते तेव्हाची गोष्ट. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका मुदत ठेव करायला आले होते. तीन लाख रुपये, आयुष्याची जमा. महिनाअखेर होता आणि विम्याचं माझं टार्गेट अडलेलं होतं. मी त्यांना ठेवीऐवजी पॉलिसी दिली. ती पॉलिसी खोटी नव्हती, कागदपत्रं खोटी नव्हती. हप्ता दरवर्षी भरावा लागेल, एवढं एक वाक्य मी त्यांना समजेल अशा आवाजात बोलले नाही. ते वाक्य सहीच्या पानावर छापलेलं होतं. त्या रविवारी विहारात वंदनेला मी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत उभी होते आणि 'मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि', खोटं न बोलण्याचं शील, मोठ्यानं म्हणत होते. मनात काही टोचलं नाही. मी शील म्हणत होते पालीत आणि नोकरी करत होते मराठीत, दोन्हींची गाठच पडत नव्हती. पुढच्या वर्षी काका दुसऱ्या हप्त्याची नोटीस हातात घेऊन काउंटरसमोर उभे राहिले, तेव्हा ती पडली. "पोरी, तू तर आपल्यातली," एवढंच ते म्हणाले.

म्हणून हा लेख लिहिते आहे. आधुनिक जीवनात बुद्धाची शिकवण कशी आचरायची, हा प्रश्न निघाला की आजकाल उत्तर ठरलेलं असतं: ध्यान करा, श्वासाकडे लक्ष द्या, दहा दिवसांचं शिबिर करा, मोबाइलवर ॲप घ्या. आठ अंगांतलं सातवं आणि आठवं अंग उचलून आपण त्यालाच सगळा बुद्ध समजू लागलो आहोत. मला वाटतं, आजच्या माणसाला सगळ्यात जास्त गरज आहे ती पाचव्या अंगाची. आपण पैसा कसा कमावतो आणि आपल्या हाताखालच्या माणसाला तो कसा कमावू देतो, इथं धम्माची परीक्षा आहे. जागेपणातले दहा-बारा तास आपण कामात असतो. ते तास वगळून उरलेल्या वीस मिनिटांत जो धम्म मावतो, तो धम्म बुद्धानं सांगितलेला नाही.

ध्यानाला कमी लेखायचा माझा हेतू नाही. मी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसले आहे. ब्रह्मदेशात सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकून सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि त्यांनी ही साधना इथं परत रुजवली, ही लहान गोष्ट नाही. शिबिराला फी नाही, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत, आधी बसून गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहाटे चारला घंटा होते. आणि पहिल्या संध्याकाळी पंचशील घेतल्याशिवाय तिथं कुणाला श्वासही शिकवत नाहीत, म्हणजे गोयंका गुरुजींनी शील गाळलं असं कुणी म्हणू नये. माझ्या बाबतीत तर सातव्या दिवशी त्या गिरणीकामगार काकांचा चेहरा मिटल्या डोळ्यांसमोर आला आणि तासभर हलला नाही. ध्यानानं मला जे दाखवलं ते मी विसरणार नाही.

पण धम्मगिरीवर शील पाळणं सोपं का जातं, याचा विचार तिथून परतताना गाडीत माझ्या मनात आला. तिथं दहा दिवस कुणालाच पोट भरायचं नसतं. भात दुसरं कुणी शिजवतं, भांडी ठेवायला ओटा असतो, फोन ऑफिसात जमा असतो. खोटं बोलायला जीभच मोकळी नसते, कारण आर्यमौन असतं. आजीविका नावाचं अंग त्या दहा दिवसांत रजेवर असतं. अकराव्या दिवशी कसाऱ्याच्या पुढे मोबाइलला रेंज येते, मॅनेजरचे संदेश एकामागून एक पडू लागतात आणि मार्गाचा खरा चढ तिथून सुरू होतो. त्या चढावर सोबत करणारं कुणी नसतं.

अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट दुखण्यानं हैराण झालेल्या रुग्णांसाठी स्मृतिसाधनेचा, म्हणजे 'माइंडफुलनेस'चा वर्ग सुरू केला. औषधानं न सुटणाऱ्या वेदनेसोबत माणसानं कसं जगावं, यासाठी तो होता, आणि त्याचा असंख्य लोकांना उपयोग झाला. पुढं तीच साधना कंपन्यांत शिरली. गूगलनं २००७ पासून आपल्या इंजिनिअरांसाठी तिचा अभ्यासक्रम चालवला, मग पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसांतही दुपारची ध्यानाची घंटा वाजू लागली. इस्पितळातून ऑफिसात येताना एक गोष्ट बदलली. रुग्णाचं दुखणं त्याला कुणी दिलेलं नव्हतं. ऑफिसातल्या माणसाचा ताण मात्र पुष्कळदा त्याला कुणीतरी दिलेला असतो. त्याला कारण असतं, ते कारण टार्गेटच्या तक्त्यात आकड्यानं लिहिलेलं असतं. बुद्धानं दुःखासोबत दुःखसमुदय सांगितला, म्हणजे दुःख कशातून उगवतं ते शोधायला सांगितलं. समुदय तसाच ठेवून माणसाला फक्त शांत बसायला शिकवणं, हे पहिल्या आर्यसत्यावर थांबण्यासारखं आहे.

आता आजीच्या बोलण्याकडे येते, कारण तिला खोडून काढणं मला जमत नाही आणि खोडावंसंही वाटत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. बुद्ध आळवीला आले आहेत हे कळल्यावर त्याला उपदेश ऐकायचा होता, पण नेमका त्याच दिवशी बैल हरवला. बैल शोधून, त्याला कळपात सोडून, दमून-भागून तो पोचला. सगळी सभा खोळंबलेली. बुद्धानं आधी विचारलं, जेवण काही उरलंय का? त्याला जेवू घातलं, त्याचं पोट भरलं आणि मगच उपदेश सुरू केला. भिक्खूंना हे रुचलं नाही, तेव्हा बुद्ध म्हणाले, 'जिघच्छापरमा रोगा', भूक हाच सगळ्यांत मोठा रोग. आजीला ही गाथा माहीत असेल-नसेल, पण ती तेच बोलत होती. दुष्काळात, गिरण्या बंद पडल्यावर, भुकेनं काय होतं ते तिनं पाहिलेलं आहे.

तरी तिच्या उत्तरात एक जागा रिकामी राहिली. आळवीच्या शेतकऱ्यानं आपलं पोट दुसऱ्याच्या पोरावर दहशत बसवून भरलेलं नव्हतं. ज्याला तो पोरगा फोन करतो, त्याच्याही घरी आजारी माय असू शकते. दोन भुकेल्यांना एकमेकांवर सोडून देणारा तिसरा कुणीतरी आहे, आणि त्याचं नाव त्या संध्याकाळी विहारात निघालं नाही.

सम्यक आजीविका म्हटलं की पुस्तकी माणूस लगेच पाच व्यापारांची यादी काढतो. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात ती आहे: शस्त्रांचा व्यापार, प्राणिमात्रांचा व्यापार, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. उपासकानं हे पाच करू नयेत. यादी खरी आहे, पण आपल्या देशात ती हातात घेताना मला भीती वाटते. इथं कामांची यादी केली की तिची उतरंड व्हायला वेळ लागत नाही. कुणाचं काम स्वच्छ, कुणाचं ओवळं, हे ठरवण्यात आपण दोन हजार वर्षं घालवली. खाटीक, चांभार, झाडूवाला यांच्याकडे बोट दाखवायला बुद्धाचा आधार कुणी घेणार असेल, तर ती बुद्धाशी बेइमानी आहे. थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या गाथांत, सुनीताचं मनोगत आहे. तो देवळांपुढची सुकलेली फुलं झाडून नेणारा, 'पुप्फछड्डक', लोकांनी हिडीसफिडीस केलेला. बुद्धानं त्याला सरळ 'ये भिक्खू' म्हटलं. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा मिळाली, म्हणजे राजपुत्रांनी पुढं आयुष्यभर आपल्या न्हाव्याला वंदन करावं. यांच्या कामावरून बुद्धानं त्यांना दूर ठेवलं नाही.

म्हणूनच बाबासाहेबांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. आपल्या ग्रंथात त्यांनी सम्यक आजीविकेचा अर्थ सांगताना व्यापारांची यादी दिली नाही, कसोटी दिली. पोट प्रत्येकाला भरावंच लागतं. पण ते भरण्याचे मार्ग वेगवेगळे असतात. दुसऱ्याला इजा न करता आणि दुसऱ्यावर अन्याय न करता जो भरतो, त्याची आजीविका सम्यक. इजा आणि अन्याय. यातला दुसरा शब्द वाचताना मी दरवेळी थांबते. इजा डोळ्यांना दिसते. अन्याय पुष्कळदा सहीच्या पानावर बारीक अक्षरात छापलेला असतो. ही कसोटी लावली की प्रश्न कामाच्या ओवळेपणाचा राहत नाही. गटार साफ करणाऱ्याचं काम शुद्धच आहे. त्याला दोर, मुखवटा, यंत्र न देता आत उतरवणाऱ्या ठेकेदाराची आजीविका मिथ्या आहे. डोक्यावरून मैला वाहून नेण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा हेच सांगतो, आणि तरीही माणसं गुदमरून मरतात, कारण ठेका देणाऱ्याला हे पाप वाटतच नाही.

आणि महाराष्ट्रातल्या बौद्धांना हा विषय परका कसा असेल? आपली सुरुवातच इथून झाली आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याच्या वेळी बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काइतक्याच पोटतिडकीनं सांगितलं ते मृतमांस सोडायला, लाचारीचं जिणं सोडायला. १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात ते पुन्हा त्याच मुद्द्यावर आले. मेलेली ढोरं ओढणं सोडलं तर तुमचं उत्पन्न बुडेल, असा हिशेब तेव्हा काहींनी मांडला होता. त्यावर त्यांचं उत्तर होतं की माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते. आमच्या आजोबांच्या पिढीनं ते ऐकलं आणि उपाशी राहून पाळलं. धम्म घेण्याआधीच त्यांनी सम्यक आजीविका घेतली होती, असं मी म्हणेन. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा १९४६ चा बदल त्यांच्याच काळातल्या कामाचं फळ. विहारात आपण त्यांना बोधिसत्त्व म्हणतो. मजुराचा दिवस छोटा करणं हे बोधिसत्त्वाचंच काम होतं, हे त्याच श्वासात म्हणायला हवं. आज ते मुद्दाम म्हणायला हवं, कारण २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली रोजची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. त्या आठवड्यात मी तीन विहारांत गेले. एकाही ठिकाणी यावर चकार शब्द निघाला नाही.

लोक म्हणतील, विहारात राजकारण नको. ही हरकत मी ऐकली आहे, आमच्याच मंडळात ऐकली आहे. पण दीघ निकायातलं कूटदंत सुत्त वाचावं. यज्ञ करायला निघालेल्या ब्राह्मणाला बुद्ध एका राजाची गोष्ट सांगतात. राज्यात चोऱ्या वाढल्या होत्या. राजाच्या पुरोहितानं सांगितलं की मारून, डांबून चोर संपणार नाहीत. जे शेती करतात त्यांना बियाणं आणि चारा दे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल दे, जे चाकरी करतात त्यांना जेवण आणि पगार दे. माणसं आपापल्या कामाला लागतील आणि दारं उघडी टाकून झोपतील. हे राजकारण असेल तर ते त्रिपिटकातच आहे. बाबासाहेबांनी तर धम्माची व्याख्याच अशी केली की एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसं एकमेकांशी संबंधात आली की तो लागतो. दोन माणसांचा सगळ्यात रोजचा संबंध कामाचाच असतो: एक काम सांगतो, एक करतो.

त्या संबंधावर बुद्धानं किती बारकाईनं बोलून ठेवलं आहे, ते पाहिलं की मन भरून येतं. राजगृहाच्या बाहेर सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. बुद्ध त्याला म्हणाले, दिशा अशा पुजायच्या नसतात. आईवडील ही पूर्व, गुरू दक्षिण, बायकामुलं पश्चिम, मित्र उत्तर, श्रमण-ब्राह्मण वरची दिशा. आणि खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामगार. या खालच्या दिशेची पूजा मालकानं पाच प्रकारे करायची. 'यथाबलं', म्हणजे अंगात बळ असेल तेवढंच काम सांगायचं. जेवण आणि पगार द्यायचा. आजारपणात शुश्रूषा करायची. घरात काही खास पदार्थ झाला तर त्यातला वाटा द्यायचा. आणि 'समये वोस्सग्गेन', वेळच्या वेळी मोकळं सोडायचं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस कामाचा भार, पगार, आजारपण आणि सुट्टी, सगळं एका दमात सांगतो. आणि मध्येच तो खास पदार्थाचा वाटा! कायद्यात ते कधी येणार नाही. पुरणपोळी केली त्या दिवशी भांडी घासणाऱ्या मावशीला ताजी वाढली की परवाची शिळी, यावर त्या घरातला धम्म कळतो.

इथं मला आपल्याच माणसांशी बोलायचं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख बौद्ध होते. त्यातला एक वर्ग आता चांगल्या फ्लॅटमध्ये राहतो, मीही राहते. आपल्याकडे कामाला बाई येते. ती पुष्कळदा आपल्याच वस्तीतून, आपल्या मावशी-आत्याच्या घरांपासून चार घरं पलीकडून येते. तिला आठवड्याची पगारी सुट्टी किती जणांच्या घरी आहे? घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे, तिची नोंदणी झाली आहे का, हे किती जणांनी विचारलं? हॉलमध्ये बुद्धाची शांत मूर्ती आणि तिच्यावर छान दिवा, आणि त्याच हॉलमध्ये 'दोन दिवस आली नाहीस, पैसे कापीन' हे वाक्य. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडून ऐकलं आहे. ध्यानानं माझा राग कमी झाला होता, त्यामुळे मी ते अगदी शांतपणे बोलले होते.

विहार आणि काम यांचा असा संबंध तोडण्याची रीत आपल्या मातीतली नाही, हे मला लेण्यांनी शिकवलं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट नावाच्या गावच्या सिंहदत्ताचं दान कोरलेलं आहे. नावासोबत त्याचा धंदाही कोरलाय: गंधिक, सुगंधी द्रव्यं विकणारा. तिथंच सामी नावाच्या सुताराचं नाव आहे. कान्हेरीला पाण्याच्या एका टाक्यावर आमच्या कल्याणच्या सामिदत्त सोनाराचं नाव आहे. बोरिवलीच्या डोंगरात पहिल्यांदा ते कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा मी त्या टाक्याच्या कडेला कितीतरी वेळ बसून होते. दोन हजार वर्षांपूर्वी माझ्या गावच्या एका कारागिराला वाटलं की आपण कशावर पोट भरतो ते दगडात लिहिण्यासारखं आहे. लपवावंसं काही त्यात नसणार.

नाशिकच्या लेण्यांत तर पुरा हिशेब आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. वर्षाचं व्याज होतं २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो. म्हणजे भिक्खू पावसाचे तीन महिने शांतपणे ध्यानाला बसत, तेव्हा त्यांच्या अंगावरचं वस्त्र गोवर्धनच्या मागांवर राबणाऱ्या हातांतून आलेलं असे आणि ते तसं आलं आहे हे भिंतीवर लिहिलेलं असे. विणकरांच्या संघटनेवर विश्वास टाकून पैसा ठेवला जात होता. वर्षावास आणि कारागिरांची श्रेणी एकाच शिलालेखात नांदत होती.

मग आजच्या वर्षावासात कामाचा विषय का निघू नये? मी आमच्या मंडळापुढे एवढंच मागितलं की आठवड्यातली एक संध्याकाळ ग्रंथवाचनानंतर कामाला द्यावी. ज्याला जे काम आहे, त्यानं ते सांगावं. कुणाचा पगार थकलाय, कुणाकडून कसली सही घेतली, कुणाला काय बोलायला लावतात. त्यावर पंचशील लावून बघावं, आणि एकट्यानं पाळता येत नसेल ते दहा जणांनी मिळून कसं पाळता येईल ते बघावं. नोकरी सोडून दे, हे सांगायला फार सोपं आहे. ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत त्याला ते सांगणं हीसुद्धा एक हिंसा आहे. मीही नोकरी सोडली नव्हती. विक्रीतून लॉकर आणि ठेवींच्या टेबलावर बदली मागून घेतली, इन्सेंटिव्ह गेला, बढती लांबली. त्या काकांची पॉलिसी बंद करताना त्यांचं जे नुकसान झालं ते मी भरून देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही, आणि ते ओझं माझ्याकडेच आहे. पण तेव्हा विहारात असं बोलायला एक संध्याकाळ असती, तर कदाचित मी ती सही घेण्याआधीच कुणीतरी मला हटकलं असतं. संघ म्हणजे हटकणारी माणसं, असा अर्थ मी आता घेते. 'संघं सरणं गच्छामि' म्हणताना मी तेच मागते.

मंडळात वाद झाला. पावित्र्य जाईल, भांडणं होतील, मालक मंडळी वर्गणी बंद करतील, असं बरंच निघालं. बौद्धाचार्य काका सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, गोष्ट सांगितली. एक भिक्खू हगवणीनं आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला, कुणी जवळ जात नव्हतं. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं, आणि मग सगळ्या भिक्खूंना सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. "तिथं पावित्र्य गेलं नाही," काका म्हणाले, "तर पगाराच्या कागदानं कसं जाईल?"

पहिल्या गुरुवारी नऊ जण थांबले. तो पोरगा शिफ्ट संपवून उशिरा आला. शाळेचं नाव घेणं त्यानं बंद केलं आहे, त्यामुळे आकडा खाली गेलाय, दुसरीकडे अर्ज करतोय. पोस्टातून निवृत्त झालेले एक दादा त्याचा अर्ज तपासून देतात. एका मॉलमध्ये साफसफाईचं काम करणाऱ्या ताईंनी पर्समधून घडी घातलेली पगाराची पावती काढली. दर महिन्याला पीएफ कापलेला, पण खातं कुठं आहे ते तिला तीन वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. दादांनी चष्मा पुसला, ट्यूबलाइटखाली ती पावती धरली आणि विचारलं, तुझ्यासोबत अजून किती जणी आहेत? अकरा, ती म्हणाली.

काकांनी वंदनेची हजेरी असते ती वही उघडली, नवीन पान काढलं आणि रेघ मारून दोन रकाने केले. एकात नाव, दुसऱ्यात काम.